फटीहून लहान कणांची चाळण

१४ मे २००४ च्या ‘सायन्स’ साप्ताहिकात प्रिन्स्टन विद्यापीठातल्या चौघांचा चार पानी निबंध छापून आला. लोटियन रिचर्ड ह्वांग, एडवर्ड कॉक्स, रॉबर्ट ऑस्टिन आणि जेम्स स्टर्म ही ती चार नावे. त्यांनी एका चिपवर नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खांबांच्या रांगा कोरल्या होत्या. खांबांमधून पाणी वाहत होते आणि पाण्यात ०.८, ०.९ आणि १ मायक्रॉन व्यासाचे प्लास्टिकचे गोळे होते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूची जाडी साधारण तेवढीच. एका टोकाला एकत्र सोडलेले हे गोळे चाळीस सेकंदांनी दुसऱ्या टोकाला पोचले तेव्हा ते तीन वेगळ्या धारांमध्ये विभागले गेले होते. व्यासातला सुमारे दहा नॅनोमीटरचा, म्हणजे शेकडा एकाचा फरकही या रचनेला कळत होता.

हे आकडे तेव्हाही थक्क करणारेच होते. पण त्या निबंधातली खरी विलक्षण गोष्ट दुसरीच आहे. दाणे आकाराप्रमाणे वेगळे करायचे तर छिद्र लहान दाण्यापेक्षा मोठे आणि मोठ्या दाण्यापेक्षा लहान हवे, हे चाळणीचे तत्त्व शेती सुरू झाल्यापासून माणसाला ठाऊक आहे. प्रिन्स्टनच्या चिपमधली प्रत्येक फट सर्वांत मोठ्या गोळ्याहूनही मोठी होती. एकही गोळा कुठे अडला नाही, एकही फट तुंबली नाही. मोठा गोळा एका बाजूला निघून गेला आणि लहान गोळा सरळ गेला.

रक्त, जिवाणू, पेशींचे तुकडे अशा मऊ आणि चिकट गोष्टींवर काम करणाऱ्यांना हे ऐकून काय वाटले असेल, ते समजण्यासाठी त्यांची रोजची अडचण माहीत हवी. बारीक छिद्रांचा फिल्टर काही क्षणांत तुंबतो. दाब वाढवावा तर तांबडी रक्तपेशी दुमडून, लांबुळकी होऊन छिद्रातून पार होते. शरीरातल्या केशवाहिन्यांत ती तेच करत असते. फिल्टर नको म्हणून जेल किंवा क्रोमॅटोग्राफीची नळी वापरावी, तर तिथे कणांना असंख्य वाटा असतात. जत्रेच्या गर्दीत बरोबर निघालेली दोन माणसे पलीकडच्या वेशीवर वेगवेगळ्या वेळी पोचतात, तसे एकाच आकाराचे दोन कण मागेपुढे होतात, त्यांचा पट्टा पसरत जातो आणि शेजारच्या आकाराच्या पट्ट्यात मिसळतो. ह्वांग आणि सहकाऱ्यांचा दावा असा होता की, त्यांच्या खांबांमध्ये एका आकाराला एकच वाट आहे.

ज्या प्रयोगशाळेने हा दावा केला, तिने त्याआधीची काही वर्षे नेमक्या उलट कल्पनेवर खर्ची घातली होती. म्हणून ही हकिगत २००४ च्या मागे जाऊन सांगावी लागते.

रॉबर्ट ऑस्टिन हे भौतिकशास्त्रज्ञ, पण त्यांचा ओढा जीवशास्त्राकडे. १९९२ मध्ये त्यांनी वेन व्होल्कमुथ यांच्याबरोबर ‘नेचर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करायला तेव्हा, आणि आजही, जेल वापरतात. जेल म्हणजे वेड्यावाकड्या छिद्रांची जाळी. कुठले छिद्र केवढे आहे हे कोणी ठरवलेले नसते, आणि लांबलचक रेणू आत गेले की त्यांचे नेमके काय होते हे सांगणे कठीण. ऑस्टिन आणि व्होल्कमुथ यांनी संगणकाच्या चिपसाठी वापरतात ते प्रकाशाने नक्षी छापण्याचे तंत्र घेतले आणि सुमारे एक मायक्रॉन जाडीच्या खांबांचे नियमित रान तयार केले. त्यातून डीएनएचा रेणू विजेच्या ओढीने जाताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता : खांबाला अडकणारा, दोन्ही बाजूंना लोंबणारा, मग एका बाजूने घसरून सुटणारा. जेलची जागा माणसाने मोजून आखलेल्या जागेने घेतली, ही त्या प्रयोगाची मोठी गोष्ट होती. मोजून आखले की सुधारताही येते.

मग १९९८ मध्ये एक देखणी कल्पना पुढे आली. पाण्यातले बारीक कण सतत थरथरत असतात. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांत ही थरथर पाहिली होती, आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी तिचे गणित मांडले : कण जितका लहान, तितका तो अधिक भरकटतो. थॉमस ड्यूक आणि ऑस्टिन यांनी, तसेच स्वतंत्रपणे डेनिझ एर्ताश यांनी सुचवले की, या भरकटण्यालाच कामाला लावावे. तिरके अडथळे अशा रीतीने मांडायचे की, डावीकडे भरकटलेला कण पुन्हा मूळ वाटेवर येईल आणि उजवीकडे भरकटलेला पुढच्या वाटेवर ढकलला जाईल. लहान कण जास्त भरकटणार, म्हणून तो जास्त उजवीकडे जाणार. अडथळे निर्जीव, स्थिर; हालचाल योगायोगाची; तरी निकाल ठरलेला. १९९९ मध्ये प्रिन्स्टन आणि कॉर्नेल यांच्या संयुक्त गटाने डीएनए घेऊन हे करून दाखवले आणि ‘विसरणाने वर्गवारी’ अशा अर्थाचे शीर्षक निबंधाला दिले.

कल्पना सुंदर होती, पण तिच्यात दोन उणिवा होत्या. पहिली लगेच दिसणारी : कणाला भरकटायला वेळ हवा, म्हणून सगळे संथ चालवावे लागते, आणि ज्या भरकटण्याने कण वेगळे होतात, त्यानेच ते पसरतातही. दुसरी उणीव खोल होती. अडथळे ज्या पदार्थाचे असतात, त्यातून वीज किंवा पाणी जात नाही. मग प्रवाहरेषा अडथळ्यांना वळसा घालूनच जाणार. अशा प्रवाहात अगदी बिंदूएवढा कण सोडला, तर तो कितीही भरकटला तरी शेवटी सगळीकडे सारखाच पसरतो आणि सरासरीने पाण्याबरोबरच जातो. अडथळे कितीही तिरके असोत, त्याला एका बाजूला ढकलणारे काहीच उरत नाही.

२००२ मध्ये ऑस्टिन, ह्वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब स्वतःच मांडून प्रसिद्ध केला. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत आदर वाटावी अशी जागा हीच वाटते. ज्या कल्पनेवर प्रयोगशाळेचे नाव झाले होते, तिच्यात मुळात काय बसत नाही हे त्यांनी शोधले आणि सर्वांसमोर ठेवले. त्या हिशेबातूनच पुढची वाट सापडली. बिंदूला काही होत नाही, पण खऱ्या कणाला आकार असतो. खांबाला अगदी चिकटून जाणाऱ्या प्रवाहरेषेवर मोठ्या कणाचा मध्य पोचूच शकत नाही, कारण त्याचे अंग मध्ये येते. एका बाजूला ढकलणारी गोष्ट एवढीच आहे. मग भरकटण्याची गरजच काय?

ह्वांग हे स्टर्म यांच्याकडे विद्युत अभियांत्रिकीत काम करत होते. त्याच वर्षी त्यांनी डीएनएचे लांब तुकडे पंधरा सेकंदांत वेगळे करणारी, ‘डीएनए प्रिझम’ नावाने गाजलेली चिप प्रसिद्ध केली होती. त्यानंतर दोन वर्षांनी आला तो खांबांचा निबंध.

त्याची रचना समजावून घेण्यासारखी आहे. खांबांच्या आडव्या ओळी एकामागे एक उभ्या आहेत, पण प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी बाजूला सरकवलेली आहे. दोन खांबांच्या मध्यांतले अंतर आठ मायक्रॉन, त्यांच्यामधली मोकळी फट १.६ मायक्रॉन, आणि सरकवणूक त्या आठ मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढी. म्हणजे दहा ओळींनी नक्षी पुन्हा पहिल्यासारखी होते. आता एका फटीतून जाणारे पाणी सारख्या प्रमाणात वाहणाऱ्या दहा धारांचे आहे असे धरा. पुढच्या ओळीतला खांब थोडा सरकलेला असल्याने कडेची एक धार खांबाच्या पलीकडून वळून शेजारच्या फटीत जाते आणि तिथे दुसऱ्या कडेला लागते. बाकीच्या धारा एकेक घर पुढे सरकतात. दहा ओळींत प्रत्येक धारेवर एकदा ही पाळी येते आणि सगळ्या धारा आपापल्या मूळ जागी परततात. पाणी एकंदरीत सरळ जाते.

लहान कण आपल्या धारेतच राहतो. धार वळली की तो वळतो, किंचित नागमोडी जातो, पण शेवटी पाण्याबरोबर सरळच. मोठ्या कणाची त्रिज्या कडेच्या धारेच्या रुंदीपेक्षा जास्त असते. त्याच्या धारेवर कडेने वळण्याची पाळी आली की, खांब त्याला रेटतो आणि त्याचा मध्य शेजारच्या धारेत जातो. पुढच्या ओळीत तेच, त्यापुढे पुन्हा तेच. प्रत्येक ओळीला एक धक्का खात तो खांबांच्या तिरक्या दिशेने निघून जातो. मधली अवस्था जवळजवळ नाही : एक ठरावीक व्यास ओलांडला की, वाट बदलते. धारांच्या रुंदीचा हिशेब केला तर तो व्यास या रचनेत फटीच्या निम्म्याहून थोडा कमी भरतो. फट कणाच्या दुपटीहून मोठी ठेवता येते आणि तरी निवड होते, ते यामुळे.

आणि यात भरकटणे हा शत्रू आहे. कण धारेबाहेर भरकटला तर निवड पुसट होते. म्हणून पाणी जितके वेगाने सोडावे, तितका भरकटायला वेळ कमी आणि निवड अधिक तीक्ष्ण. आधीच्या जवळजवळ सगळ्या पद्धतींत घाई केली की काम बिघडायचे. इथे घाई केली की सुधारत होते. याच पद्धतीने त्यांनी जिवाणूंमध्ये वाढवलेले मोठे कृत्रिम डीएनए रेणूही दहा मिनिटांत वेगळे केले. या पद्धतीला नाव मिळाले ‘निश्चित पार्श्वविस्थापन’ अशा अर्थाचे, आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून ती डीएलडी म्हणून ओळखली जाऊ लागली.

मोठ्या कणाचा मध्य भिंतीजवळ पोचू शकत नाही, ही गोष्ट आधी कोणाच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या डाऊ केमिकल कंपनीत हॅमिश स्मॉल यांनी रंग आणि लॅटेक्समधले कण बारीक मण्यांनी भरलेल्या नळीतून सोडले होते. भिंतीजवळचे पाणी संथ असते आणि मोठा कण तिथे शिरू शकत नाही, म्हणून तो जलद पाण्यात राहतो आणि आधी बाहेर पडतो. तिथे हाच गुण वेळेत मोजला जात होता. प्रिन्स्टनने तो दिशेत बदलला. आणि २००४ मध्येच जपानमध्ये मासुमी यामादा, मिनोरू सेकी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक साधी रचना दाखवली. वाहिनी एका जागी अरुंद करायची, बाजूने शुद्ध पाणी सोडून सगळे कण एका भिंतीला दाबायचे. दाबलेल्या लहान कणाचा मध्य भिंतीजवळ असतो, मोठ्याचा थोडा दूर. मग वाहिनी एकदम रुंद केली की, हा क्षुल्लक फरक ताणला जातो आणि कण दूरदूर होतात. १५ आणि ३० मायक्रॉनचे गोळे त्यांनी असे वेगळे केले. जगाच्या दोन टोकांना एकाच वर्षी एकच भूमितीय गोष्ट दोन तऱ्हांनी वापरली गेली.

प्रिन्स्टनच्या गटाचे लक्ष लगेच रक्ताकडे गेले. २००६ मध्ये जॉन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी पातळ न केलेले रक्त खांबांमधून सोडले. दोन-तीन मायक्रॉनच्या प्लेटलेट्स, आठ मायक्रॉन रुंद पण जेमतेम दोन मायक्रॉन जाड अशा तांबड्या पेशी आणि त्यांहून मोठ्या पांढऱ्या पेशी. एका रचनेत लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी मुख्य धारेतून पूर्णपणे बाजूला झाल्या. दुसऱ्या रचनेत पेशींशिवायचा प्लाझ्मा मिळाला. तांबडी पेशी चकतीसारखी असल्याने तिचा कुठला व्यास धरायचा, ती मऊ असल्याने वेगात तिचा आकार कसा बदलतो, हे नवे प्रश्न इथून सुरू झाले आणि त्यांवर स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात योनास टेगेनफेल्ट यांच्या गटाने पुढे बरेच काम केले. हे टेगेनफेल्ट डीएनए प्रिझमच्या वेळी प्रिन्स्टनच्या गटात होते.

पण त्या चिपमधून मिनिटाला जास्तीत जास्त एक मायक्रोलिटर रक्त जात होते. एक मिलिलिटर रक्ताला हजार मिनिटे, म्हणजे जवळजवळ सतरा तास. दवाखान्यातल्या तपासणीच्या एका छोट्या बाटलीत अनेक मिलिलिटर रक्त असते. इतका वेळ चिप चालवावी तर रक्त गोठू लागते, पेशी मरतात. सगळी मेहनत पुढची काही वर्षे वेगावर खर्च झाली. गोल खांबांऐवजी त्रिकोणी खांब उभे केले, खोली वाढवली, अनेक रचना शेजारी शेजारी बसवल्या. २०१२ मध्ये स्टर्म यांच्याच गटातले केव्हिन लाउदरबॅक आणि सहकारी यांनी रक्तात मिसळलेल्या कर्करोगाच्या पेशी मिनिटाला दहा मिलिलिटर वेगाने वेगळ्या काढल्या. सहा वर्षांत वेग दहा हजार पट झाला होता.

आता दुसरी कथा, खांबांविना कण वेगळे होण्याची. ती फार आधी सुरू झाली आणि तिचे धागे मध्ये दशकानुदशके सुटलेले राहिले.

पॅरिसमधले वैद्य झां पॉझ्वीय यांना रक्त बारीक वाहिन्यांतून कसे वाहते हे जाणून घ्यायचे होते. नळीतून जाणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, हा त्यांचा नियम अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. पण त्याआधी, १८३६ मध्ये, बेडकाच्या केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांनी टिपले होते की, तांबड्या पेशी मधून धावतात आणि भिंतीलगत पेशींविना स्वच्छ द्रवाचा एक पट्टा राहतो. पेशींना भिंतीपासून दूर कोण ढकलते? केशवाहिनीत याचे मोठे कारण पेशींचा मऊपणा आहे, हे पुढे कळले. कडक गोळ्यांचे काय होते हा प्रश्न मात्र सव्वाशे वर्षे नीट विचारला गेला नाही.

तो विचारला इस्रायलमधल्या रेहोव्होत इथल्या वाइझमन संस्थेत. गेरहार्ड सेग्रे आणि अ‍ॅलेक्स सिल्बरबर्ग यांनी सुमारे एक सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून मिलिमीटरभर आकाराचे अ‍ॅक्रिलिकचे गोळे वाहू दिले. द्रवाची घनता गोळ्यांइतकीच ठेवली होती, म्हणजे गोळे बुडणारही नाहीत आणि तरंगणारही नाहीत. सुरुवातीला गोळे नळीत सगळीकडे पसरलेले होते. पुढे पुढे जाताना मधले गोळे बाहेर सरकले, भिंतीजवळचे आत सरकले आणि केंद्रापासून त्रिज्येच्या सुमारे ०.६ अंतरावर सगळ्यांचे एक कडे तयार झाले. १९६१ मध्ये ‘नेचर’मध्ये हे छापून आले तेव्हा द्रवगतिशास्त्रात खळबळ माजली. संथ प्रवाहाच्या समीकरणांत आडवे ढकलणारे बलच सापडत नाही; १९६२ मध्ये ब्रेदरटन यांनी गणिताने दाखवून दिले की, संथ प्रवाहात गोल कण आडवा सरकूच शकत नाही. म्हणजे कारण जडत्वात होते. पुढची तीस-चाळीस वर्षे सॅफमन, हो आणि लील, शोनबर्ग आणि हिंच, अस्मोलोव्ह अशा गणितज्ञांनी त्यावर काम केले आणि चित्र स्पष्ट झाले. प्रवाहाचा वेग मध्यापासून भिंतीकडे कमी होत जातो, त्या वेगफरकामुळे कणावर भिंतीच्या दिशेने एक बल लागते. भिंत जवळ आली की ती कणाला परत आत ढकलते. जिथे दोन्ही बले समान होतात, तिथे कण स्थिरावतो.

सूक्ष्म वाहिन्यांत काम करणाऱ्यांनी मात्र याकडे पाहिले नाही. त्याला कारणही होते. १८८३ मध्ये मँचेस्टरमध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून दाखवले होते की, वेग, रुंदी आणि द्रवाचा चिकटपणा यांच्या एका गुणोत्तरावर प्रवाहाचे वळण ठरते. हा रेनॉल्ड्स अंक सूक्ष्म वाहिनीत बहुधा एकाहून कमी असतो, म्हणजे चिकटपणा सर्वेसर्वा आणि जडत्व नगण्य. एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधाने हे मनावर ठसवले : जिवाणूने पोहणे थांबवले तर तो अणूच्या व्यासाहूनही कमी अंतर जाऊन थांबतो. सूक्ष्म जगात जडत्व विसरा, हा या क्षेत्राचा पहिला धडा झाला.

१९९० च्या दशकात हे क्षेत्र उभे राहत होते. १९९० मध्ये आन्द्रेआस मांत्स आणि सहकाऱ्यांनी सगळी रासायनिक तपासणी एका चिपवर आणण्याची कल्पना मांडली. १९९८ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने पीडीएमएस नावाच्या रबरासारख्या सिलिकोनमध्ये वाहिन्या ओतण्याची पद्धत दिली. साच्यावर द्रव ओतायचा, तापवायचा, सोलून काचेला चिकटवायचा. आखणीपासून चालत्या चिपपर्यंत एक दिवस. सिलिकॉन कोरण्याच्या महागड्या कारखान्याची गरज उरली नाही, आणि साध्या प्रयोगशाळांतले विद्यार्थी आठवड्याला नवी रचना करून पाहू लागले. पुढचे शोध लागण्याचा वेग यामुळे वाढला, यात मला शंका नाही.

२००७ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डिनो डी कार्लो, डॅनियल इरिमिया, रोनाल्ड टॉम्पकिन्स आणि मेहमेत टोनर यांनी पहिला धडा मोडला. पन्नास मायक्रॉनच्या आसपासच्या वाहिनीतही पाणी पुरेशा वेगाने ढकलले, तर रेनॉल्ड्स अंक दहा-वीस, शंभरापर्यंत जातो. प्रवाह तरीही शांत, थरांचा राहतो, कारण खळबळ अंक हजारांत गेल्यावर होते. पण जडत्व जागे होते. चौकोनी वाहिनीत सेग्रे-सिल्बरबर्गचे कडे चार बिंदूंमध्ये आवळले गेले, प्रत्येक भिंतीच्या मध्यासमोर एक. शिवाय कण एकामागे एक समान अंतर राखून चालू लागले. मग त्यांनी वाहिनीला विषम वळणे दिली. वळणाच्या नळीत मधले वेगवान पाणी बाहेर फेकले जाते आणि दोन भोवरे तयार होतात, हे विल्यम डीन यांनी १९२७ मध्ये सिद्ध केले होते. या भोवऱ्यांमुळे चार जागांतली एकच उरली आणि हजारो कण एका रेषेत धावू लागले.

आकाराने निवड इथेच येते. जडत्वाचे बल कणाच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते, भोवऱ्याची ओढ फक्त व्यासाच्या प्रमाणात. दोन्हींचे गुणोत्तर व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते : कण दुप्पट मोठा, तर ठरलेल्या जागी टिकून राहण्याची त्याची ताकद आठपट. लहान कण भोवऱ्यात फिरत राहतात, मोठे रांगेत बसतात. सिनसिनाटी विद्यापीठात इयान पापाउत्स्की यांच्याकडे काम करणाऱ्या अली असगर भगत आणि सत्यकुमार कुंटेगौडनहळ्ळी यांनी वाहिनीलाच सर्पिल आकार दिला आणि १०, १५ आणि २० मायक्रॉनचे कण तीन वेगळ्या रेषांत आणले. या वाहिन्यांत खांब नाहीत, बाजूचे शुद्ध पाणी नाही, वीज नाही. फक्त एक वळणदार नाळ आणि मोजून ठरवलेला वेग.

२००७ मध्येच बॉस्टनच्या त्याच इस्पितळातून सुनीता नागरथ आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या पेशी रक्तातून पकडणारी चिप ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या थॉमस अ‍ॅशवर्थ या डॉक्टरने कर्करोगाने मरण पावलेल्या रुग्णाच्या रक्तात गाठीतल्यासारख्याच पेशी पाहिल्या होत्या. रोग शरीरात कसा पसरतो याचा तो पुरावा होता, पण त्या पेशी शोधायच्या कशा? एका मिलिलिटर रक्तात सुमारे पाच अब्ज तांबड्या पेशी असतात, आणि कर्करोगाच्या मोजक्या, कधी एखादीच. नागरथ यांच्या चिपमधले ७८ हजार खांब प्रतिद्रव्याने माखलेले होते आणि त्या पेशी खांबांना चिकटत. पण सगळ्याच कर्करोगपेशींच्या अंगावर ते प्रतिद्रव्य ओळखेल असे प्रथिन नसते.

२०१३ मध्ये टोनर, डॅनियल हेबर आणि श्यामला महेश्वरन यांच्या गटाने दोन्ही कथा एका यंत्रात जोडल्या. पांढऱ्या पेशींना चुंबकी मणी चिकटवून घेतल्यावर रक्त आधी प्रिन्स्टनच्या पद्धतीच्या खांबांमधून जाते. तांबड्या पेशी, प्लेटलेट्स आणि जादा चुंबकी मणी सरळ निघून जातात, मोठ्या पेशी बाजूला येतात. त्या मोठ्या पेशी वळणदार वाहिनीत जडत्वाने एका रांगेत येतात. मग चुंबकी मणी चिकटवलेल्या पांढऱ्या पेशींना चुंबक बाजूला ओढतो आणि उरतात त्या कर्करोगाच्या पेशी, कुठल्याही प्रतिद्रव्याचा हात न लागलेल्या. सेकंदाला एक कोटी पेशी हे यंत्र तपासते. चौथ्या घाताचा नियम देणारे पॉझ्वीय, अ‍ॅक्रिलिकचे गोळे मोजणारे सेग्रे आणि सिल्बरबर्ग, भरकटण्याचा हिशेब मांडणारे ऑस्टिन. यांतल्या कोणाच्या मनात सुरुवातीला कर्करोग नव्हता.

प्लाझ्मा वेगळा काढण्याचे काम आपल्याकडेही झाले. मुंबईत पवईच्या आयआयटीत अमित अग्रवाल आणि सुहास जोशी यांच्या गटाने खांब न लावता, वाहिनीची वळणे, अरुंद जागा आणि फाटे यांच्या जोरावर रक्तातून प्लाझ्मा काढणाऱ्या चिप बनवल्या. फाट्यावर पेशी जास्त प्रवाहाच्या वाटेने जातात आणि कमी प्रवाहाच्या वाटेला बहुतेक नुसता द्रव येतो, हा शरीरातल्या वाहिन्यांतला नियम त्यात वापरला आहे. सेंट्रिफ्यूज आणि वीज नसलेल्या ठिकाणी रक्ताच्या तपासणीसाठी याचे मोल मोठे आहे.

२०१६ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रातून बेंजामिन वुन्श आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’मध्ये आला. लेखकांत ऑस्टिन यांचेही नाव आहे. त्यांनी खांबांमधल्या फटी २५ ते २३५ नॅनोमीटरपर्यंत खाली आणल्या होत्या. लक्ष्य होते पेशी बाहेर टाकतात त्या एक्सोसोम नावाच्या सूक्ष्म पुटिका. त्यांच्या आत मूळ पेशीच्या आरएनएचे तुकडे असतात, म्हणून मूत्र किंवा रक्ताच्या नमुन्यात त्या मिळाल्या तर गाठीची खबर मिळते. पण इतक्या लहान आकाराला, आणि इतक्या अरुंद फटींमधून जेमतेम सरकणाऱ्या पाण्यात, आइन्स्टाइनचे भरकटणे पुन्हा जोरात येते. २००४ मध्ये वेग वाढवून ज्याला दूर ठेवले होते, ते इथे दूर ठेवता येत नाही. तरीही वीस नॅनोमीटरचे कण खांबांच्या तिरक्या दिशेने वळताना त्यांनी दाखवले, फक्त वळण ठामपणे ‘हो किंवा नाही’ असे नव्हते. धक्का आणि भरकटणे यांची ओढाताण होऊन वाट मधल्या कोनात जात होती. तो कोन आकाराबरोबर बदलतो, म्हणून निवड शक्य होते. दोन वर्षांनी त्याच गटाने एका चिपवर अशा १,०२४ रचना समांतर बसवल्या आणि तासाला ९०० मायक्रोलिटरपर्यंत नमुना त्यांतून जाऊ लागला.